यादीत नाव कुणाच्या शाळेचं?

जुलैमध्ये कधीतरी पुण्याच्या परीक्षा परिषदेची शिष्यवृत्तीची गुणवत्ता यादी जाहीर होते आणि वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात गुरुजींचे फोन वाजू लागतात. यादी लांबलचक असते. आधी जिल्हा, मग तालुका, मग शाळा, मग नाव असं बोट खाली सरकत जातं. नाव सापडलं की त्या ओळीचा फोटो काढायचा, तिच्याभोवती लाल गोल करायचा आणि तो केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचा. पुढचा तासभर नुसते हार-गुच्छ आणि टाळ्या. ज्याच्या पोराचं नाव आलेलं असतं तो बाप त्या वेळी सोयाबीनच्या डवरणीत असतो. त्याला बांधावर गाठून सांगावं लागतं. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, “पैसे भेटतेत का गुर्जी?” आणि दुसरा, “आता याले शिकवाले कुठी टाकू?”

अकोल्याहून निघून पातूरचा घाट चढून वर आलं की वाशिमच्या वाटेवर मेडशी लागते. हाच रस्ता पुढे हिंगोली-नांदेडकडे जातो. गाव महामार्गावरचं असल्यामुळे इथे बस थांबते, बाजार भरतो आणि आसपासच्या खेड्यांतली, तांड्यांतली माणसं कामाला इथे उतरतात. अशा मोठ्या गावाभोवती जिल्हा परिषदेच्या लहान-लहान शाळांचं कोंडाळं असतं. कुठे दोन शिक्षक, कुठे चार, आणि पट वीस-पंचवीसवर आला की शाळा टिकते की नाही याचा घोर. साधारण दहा शाळांचं एक केंद्र आणि त्याला एक केंद्रप्रमुख ही रचना महाराष्ट्रात 1994-95 पासूनची. राज्यभर अशी 4,860 पदं निर्माण झाली. त्यातली कितीतरी पुढे वर्षानुवर्षं रिकामी राहिली आणि त्यांचा कारभार एखाद्या मुख्याध्यापकाच्या गळ्यात अतिरिक्त म्हणून पडला. तरीही जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये यश मोजायचं, सांगायचं आणि साजरं करायचं खरं ठिकाण केंद्र हेच आहे. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत कुणाच्या वर्गातली मुलं वाचायला लागली, कुणाचं साहित्य तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनीत गेलं, कुणाचा कबड्डीचा संघ केंद्रस्तरावरून पुढे सरकला, हे सगळं इथेच बोललं जातं. चहाच्या वेळी तर जास्तच.

या सगळ्या यशांत शिष्यवृत्तीचा मान अजून वरचा आहे. ही परीक्षा राज्यात 1954-55 पासून चालू आहे. म्हणजे वऱ्हाडातल्या शाळा जिल्हा परिषदेकडे यायच्याही आधीपासून, कारण जिल्हा परिषदा आल्या 1 मे 1962 ला. वाशिम जिल्हा तर 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळा झाला. साठ वर्षं ही परीक्षा चौथी आणि सातवीला होती. आजोबा शिष्यवृत्तीधारक असतील, तर त्या घरात ती गोष्ट पंगतीतसुद्धा निघते. मिळणारी रक्कम मात्र वर्षानुवर्षं इतकी किरकोळ होती की ती काढायला बँकेत जाण्याचं बसभाडं परवडत नसे. 2023 मध्ये ती पाचवीसाठी वर्षाला 5,000 आणि आठवीसाठी 7,500 रुपये झाली, तेव्हा कुठे बापाच्या त्या पहिल्या प्रश्नाला उत्तर देताना गुरुजींचा आवाज चढू लागला.

मधल्या काळात एक गोष्ट घडली. गावाबाहेर फारशा कुणाच्या ती लक्षात आली नाही. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक अशी वाटणी केली. त्याला धरून शिष्यवृत्ती परीक्षाही चौथीवरून पाचवीला आणि सातवीवरून आठवीला गेली. नव्या इयत्तांची पहिली परीक्षा फेब्रुवारी 2017 मध्ये झाली. कागदावर हे सरळ होतं. पण तांड्यावरची, वस्तीवरची शाळा असते पहिली ते चौथीची. चौथी झाली की पोरगं दाखला घेऊन मोठ्या गावातल्या शाळेत किंवा एखाद्या संस्थेच्या हायस्कुलात पाचवीला जातं. परीक्षा तिथून देतं आणि यादीत नाव लागतं ते त्या शाळेचं. ज्या बाईंनी त्याला अक्षर ओळखायला शिकवलं, बेरजेतला हातचा समजावून दिला, त्या तीन किलोमीटरवर आपल्या शाळेत बसून ती यादी वाचतात. पोरगं आपलंच असतं, पण खात्यावर जमा झालेलं असतं दुसऱ्याच्या. आपल्या शाळांमधल्या यशाच्या हिशेबात मला हीच सगळ्यांत मोठी खोट वाटते. पीक ज्याच्या खळ्यावर येतं, नाव त्याचं होतं. पेरणी कुणाची होती हे कुणी विचारत नाही.

आणि पेरणी इथे सोपी नाही. या जिल्ह्यात बंजारा तांडे बरेच आहेत. तांड्यावरचं लेकरू पहिलीत येतं ते गोरमाटी बोलत. पुस्तकातली मराठी त्याला परकी, आणि शिक्षक बदलीवर आलेला असेल तर त्यालाही या लेकराची बोली परकी. मग पहिले काही महिने दोघंही एकमेकांची भाषा शिकतात. दिवाळीनंतर काही घरांना कुलूप लागतं. कुणी ऊसतोडीला जातं, कुणी वीटभट्टीवर, कुणी पुण्याकडे बांधकामावर. त्यासाठी सरकारने शिक्षण हमी कार्ड काढलं आहे, म्हणजे मूल जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला वर्गात बसवून घ्यावं. हंगामी वसतिगृहाची सोयही आहे, म्हणजे मूल गावातच राहावं आणि त्याच्या जेवणाखाण्याची व्यवस्था व्हावी. कार्ड देणं सोपं आहे. अवघड आहे ते आजीला समजावणं, की पोरीला नेऊ नका, तुमच्याजवळ राहू द्या. जी शिक्षिका संध्याकाळी दोन-दोनदा त्या घरी जाऊन बसते आणि तीन लेकरं गावात ठेवून घेते, तिचं हे काम कोणत्याच यादीत येत नाही. हजेरीपटावर तिथे फक्त रोजच्यासारखं ‘ह’ उमटलेलं असतं.

आता समारंभाकडे येऊ. गुणगौरव बहुधा 15 ऑगस्ट किंवा 26 जानेवारीच्या ध्वजवंदनाला जोडून असतो. कधी शिक्षक दिनी असतो, कधी 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला. मांडव गावातलाच, माइक भाड्याचा. सावित्रीबाईंच्या फोटोला हार, स्वागतगीत, प्रास्ताविक आणि मग सत्कार. इथे गंमत अशी असते, की ज्यांच्यासाठी हा सोहळा, त्यांची पाळी सगळ्यांत शेवटी येते. आधी सरपंच, मग शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, मग पंचायत समितीतून आलेले साहेब, मग मंचावर ऐनवेळी चढून बसलेले दोन-चार प्रतिष्ठित. एकेकाची शाल, एकेकाचं श्रीफळ. फोटो नीट आला नाही म्हणून तीच शाल पुन्हा खांद्यावर. तोवर गुणवंत विद्यार्थी सकाळपासून उन्हात सतरंजीवर मांडी घालून बसलेले आणि पहिल्या रांगेतलं पहिलीचं पोट्टं झोपलेलं. माझ्या हातात असतं तर मंचावर आधी लेकरांना बोलावलं असतं आणि पाहुण्यांचे सत्कार चहाच्या वेळी उरकले असते. असं करणारे मुख्याध्यापक आता दिसू लागले आहेत. शालीऐवजी पाहुण्याच्या हाती एक रोपटं ठेवतात आणि उरलेल्या पैशांत मुलांना शब्दकोश घेतात.

आणखी एक चांगली पद्धत अलीकडे रुळली आहे. बक्षीस मुलाच्या नव्हे, त्याच्या आईच्या हातात देतात. सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडम नाव पुकारतात आणि आई जागची हालत नाही. शेजारणी ढकलतात, “जा ना वं, तुह्याच पोरीचं नाव घेतलं.” ती डोक्यावरचा पदर सावरत, चपला मांडवाबाहेर काढून वर जाते आणि प्रमाणपत्र दोन्ही हातांनी धरते. त्यावर काय लिहिलंय ते तिला वाचता येत असेल किंवा नसेल. 2011 च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्याची साक्षरता 83 टक्क्यांवर होती, पण त्यात बायका पुरुषांच्या पंधरा टक्के मागे होत्या. त्या मागे राहिलेल्यांतल्या कितीतरी जणी आज अशा मांडवात बसलेल्या असतात.

शिष्यवृत्तीखेरीज आणखी वाटा आहेत. पाचवीत नवोदयची परीक्षा असते. एका विद्यालयात सहावीला 80 जागा आणि त्यांतल्या किमान तीन चतुर्थांश ग्रामीण मुलांसाठी. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं निघाली त्यातलं एक हरियाणातल्या झज्जरला होतं आणि दुसरं आपल्या अमरावतीला. वाशिमलाही नवोदय आहे. तिथे पोरगं ‘लागलं’ की गावात त्याचं वजन वाढतं आणि जुन्या शाळेचा पट एकाने कमी होतो. आठवीत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीची एनएमएमएस परीक्षा असते. ती निघाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. महाराष्ट्राच्या वाट्याला या शिष्यवृत्तीच्या 11,682 जागा आहेत. कापसा-सोयाबीनच्या घरात पोरीचं लग्न दोन वर्षं पुढे ढकलायला एवढे पैसे कधीकधी पुरतात, असं जुने मुख्याध्यापक सांगतात. मला ते पटतं.

शिक्षकांच्या पुरस्कारांची कहाणी निराळी आहे. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार 1958 पासून दिले जातात. पूर्वी ते तीनशेच्या वर असत. 2018 मध्ये पद्धत बदलली, शिक्षकाने स्वतःच ऑनलाइन अर्ज करायचा असं ठरलं आणि संख्या पन्नासच्या आत आली. राज्याचा पुरस्कार आता सावित्रीबाई फुले यांच्या नावाने आहे. त्याखाली जिल्हा परिषदेचे आदर्श शिक्षक पुरस्कार, सहसा तालुक्यागणिक एक. एकेकाळी अशा पुरस्काराबरोबर आगाऊ वेतनवाढ मिळे. ती बंद झाल्यावरची भांडणं कोर्टापर्यंत गेली. पण या सगळ्यांच्या मुळाशी असतो तो प्रस्ताव. जाडजूड फाइल, रंगीत फोटो, वर्तमानपत्रांची कात्रणं, उपक्रमांची यादी, गेल्या काही वर्षांचे गोपनीय अहवाल आणि शिफारशी. म्हणजे आपण किती चांगले आहोत हे शिक्षकाने स्वतः पुराव्यासह सिद्ध करायचं. ज्याला हे लिहिता येतं तो चांगला शिक्षक नसतो असं नाही. पण जो चांगला शिक्षक असतो त्याला हे लिहायची लाज वाटते, असं मात्र बरेचदा दिसतं. केंद्रात सगळ्यांना माहीत असतं खरे गुरुजी कोण. तेच गुरुजी प्रस्ताव सादर करत नाहीत आणि दरवर्षी शिक्षण परिषदेत इतरांच्या सत्काराला टाळ्या वाजवतात. केंद्रप्रमुखाने बिनप्रस्तावाचं एक नाव सुचवावं, एवढी सोय व्हायला काय हरकत आहे?

जगाच्या पाठीवर मात्र जिल्हा परिषदेचा शिक्षक जाऊन आला आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरचा तो पुरस्कार. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. पुढे गावोगावच्या शाळांमध्ये त्यांचं नाव परिपाठात घेतलं गेलं.

शाळेतली सगळीच कर्तबगारी वर्गात घडत नाही. पोषण आहार शिजवणाऱ्या बायका बहुधा गावातल्याच, मानधनावर काम करणाऱ्या. 2023 हे तृणधान्य वर्ष म्हणून पाळलं गेलं, तेव्हा ज्वारी-बाजरीच्या पाककृतींच्या स्पर्धा शाळा-तालुक्यांत घेतल्या गेल्या. त्या निमित्ताने या बायकांना आपल्या हातचं वाढताना पाहुण्यांसमोर उभं राहता आलं. कळण्याची भाकर, ज्वारीच्या आंबील-घुगऱ्या हे कुणी त्यांना शिकवायची गरज नव्हती. ते बक्षिसाच्या लायकीचं आहे, हे मात्र कुणीतरी पहिल्यांदा सांगत होतं.

जिल्ह्याचाही गुणगौरव होतो. नीती आयोगाने 2018 मध्ये आकांक्षित जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातले चार होते. नंदुरबार, गडचिरोली, तेव्हाचा उस्मानाबाद आणि वाशिम. या जिल्ह्यांच्या गुणांत शिक्षणाचा वाटा 30 टक्के. महिन्यामहिन्याला क्रमवारी लागते आणि वर चढणाऱ्याचं कौतुक होतं. त्या क्रमवारीसाठी लागणारी माहिती भरायची ती शेवटी मेडशीच्या पलीकडल्या कुठल्यातरी दोनशिक्षकी शाळेतल्या गुरुजींनीच, मोबाइलची रेंज मिळेल त्या झाडाखाली उभं राहून. ‘माझी शाळा सुंदर शाळा’ या स्पर्धेची गोष्टही तशीच. तालुक्यात पहिल्या शाळेला तीन लाख, राज्यात पहिलीला 51 लाख. भिंती रंगल्या, परसबागा झाल्या. काही गावांनी त्यानिमित्ताने वर्गणी काढून गळकं छप्परही बदललं. ते बक्षीस मिळो न मिळो, टिकणारं आहे.

आणि आता परीक्षा परत चौथीला आणि सातवीला येते आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये तसा निर्णय निघाला. 2025-26 या एका वर्षात चौथी, पाचवी, सातवी, आठवी अशा चारही इयत्तांची परीक्षा ठरली. शिक्षकांची यात दमछाक आहे. पाचवीचा सराव संपतो न संपतो तो चौथीची पुस्तकं उघडायची, तीही एप्रिलच्या उन्हात. पण चौथीपर्यंतच्या शाळांमध्ये या निर्णयाचा अर्थ वेगळा लावला जातो. आता पोरगं दाखला काढायच्या आधी परीक्षा देईल. यादीत जिल्हा वाशिम, तालुका मालेगाव आणि त्यापुढे तांड्यावरच्या शाळेचंच नाव छापलं जाईल. सरावाचे तास सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत घ्यायचं काही शाळांमध्ये ठरलंय. पेपरच्या झेरॉक्सचे पैसे कुणी द्यायचे, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठरायचं आहे.