उजेड देणाऱ्या घरालाच विजेची गरज

वाचकहो, चुलीतील लाकडे ओढून घेतली तरी निखारे लगेच निवत नाहीत, हे आपल्या घरच्या लेकरांनाही ठाऊक असते. युक्रेन देशातील झापोरिझ्झिया अणुवीज केंद्राविषयी जगाला जी चिंता लागली, तिचे मूळ याच साध्या गोष्टीत आहे.

नीपर नदीवरील काखोव्का धरणाच्या जलाशयाकाठी, १९७० साली वसविलेल्या एनेर्होदार गावाजवळ हे केंद्र उभे आहे. सोव्हिएट राजवटीत त्याची उभारणी सुरू झाली. पहिली अणुभट्टी १९८४ च्या अखेरीस वीज देऊ लागली. सहावी १९९५ मध्ये, युक्रेन स्वतंत्र झाल्यावर. प्रत्येकीची शक्ती सुमारे १,००० मेगावॅट. युरोपात याहून मोठे अणुवीज केंद्र नाही. युद्धापूर्वी देशाच्या विजेचा सुमारे पाचवा हिस्सा येथून मिळत असे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्या. एनेर्होदारच्या लोकांनी रस्त्यात वाहने आडवी लावून त्यांची वाट अडविली. तथापि ४ मार्च रोजी केंद्र रशियनांच्या हाती गेले. जुने युक्रेनी कामगार बंदुकांच्या पहाऱ्यात काम करीत राहिले. ११ सप्टेंबर २०२२ रोजी शेवटची चालू भट्टीही थांबविण्यात आली.

भट्टी थांबली म्हणजे धोका टळला, असे मात्र नव्हे. आतील इंधन दीर्घकाळ उष्णता देत राहते. त्याभोवती पाणी अखंड खेळते ठेवावे लागते, आणि त्या पंपांसाठी वीज बाहेरून आणावी लागते. गोळीबारात विजेच्या तारा वारंवार तुटल्या. ६ जून २०२३ रोजी काखोव्का धरण उद्ध्वस्त होऊन जलाशय आटला. तेव्हा पाण्यासाठी केंद्राच्या आवारात विहिरी खणाव्या लागल्या.

२३ सप्टेंबर २०२५ रोजी बाहेरची वीज दहाव्यांदा गेली, ती महिनाभर आली नाही. तेवढे दिवस सारा भार डिझेल यंत्रांवर होता. अखेर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मध्यस्थीने दोन्ही पक्षांनी त्या परिसरापुरता गोळीबार थांबविला. वायरमन पुढे गेले, त्यांनी तारा जोडल्या, आणि २३ ऑक्टोबर रोजी वीज आली.

युद्ध त्याने मिटले नाही. तरी वैऱ्यांनाही हात आवरता येतो, एवढे त्यातून आम्हांस दिसले. आज सांजवेळी घरात दिवा लावताना त्या वायरमनांची आठवण अवश्य करावी.