आधी मूल, मग मोबाइल

किशोरवयीन मुलांचा ऑनलाइन छळ करणारा पुष्कळदा ओळखीतलाच असतो. कल्याण-डोंबिवलीत सकाळी शाळेत, संध्याकाळी क्लासमध्ये आणि रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीच मुले भेटतात, त्यामुळे शाळा सुटली तरी टिंगल सुटत नाही. फोटोचे स्टिकर, इन्स्टाग्रामवरचे बनावट खाते, ग्रुपमधून काढून टाकणे ही तिची नेहमीची रूपे. झोप उडणे, पोटात दुखणे, क्लास बुडवणे, फोन वाजताच दचकणे ही लक्षणे आधी दिसतात.

मदत ऐकण्यापासून सुरू होते. मोबाइल जप्त होईल या धास्तीने मुले गप्प बसतात. म्हणून “चूक तुझी नाही, फोन काढून घेणार नाही” हे आधी सांगावे लागते.

मग पुरावा. मुलाचा अंगठा ‘डिलीट’कडे वळतो, तो थांबवून खात्याचे नाव, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा, प्रोफाइलची लिंक लिहून ठेवावी. ब्लॉक आणि रिपोर्ट त्यानंतर. मजकूर अश्लील असेल तर मात्र त्याच्या प्रती काढू नयेत, तो कुणालाही पाठवू नये. थेट पोलिसांना दाखवावा. अल्पवयीन मुलाच्या लैंगिक छळाची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. कल्याण-डोंबिवली ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे.

मनाची जखम तक्रारीने भरत नाही. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्था मानसिक आरोग्याचे काम करते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती तिथल्या कामात महत्त्वाची आहे. या पद्धतीत मुलाच्या मनातले वाक्य कागदावर उतरवता येते: “सगळे मला हसतात.” मग मोजायचे: ग्रुपमध्ये चाळीस जण, लिहिणारे पाच. उरलेले पस्तीस काय करत होते? दुःख खरेच असते, ते नाकारायचे नसते. पण पाच जणांच्या शब्दांवरून स्वतःची किंमत ठरत नाही, हे मुलाला त्या कागदावर दिसते. त्या पस्तिसांतला एखादा मित्र शाळेत सोबत बसला, तर परतणे सोपे होते.

“जगण्यात अर्थ नाही” असे मूल बोलले, तर जीव देण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारावे, त्याला एकटे सोडू नये आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.