कर्णपटलाचे अंतःकर्षण : मूल्यमापन आणि उपचाराची दिशा

कानातून स्राव नाही, ठणका नाही, ऐकूही बऱ्यापैकी येते. अशा रुग्णाच्या कानातही कर्णपटल आत ओढले गेलेले असू शकते. या अवस्थेस कर्णपटलाचे अंतःकर्षण म्हणतात. तिचे मूल्यमापन कसे करावे व हस्तक्षेप केव्हा करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मध्यकर्णातील हवा तेथील श्लेष्मल त्वचेतून शोषली जाते आणि गिळताना वा जांभई देताना कंठकर्णनलिका उघडून ती तूट भरून निघते. नलिका नीट उघडेनाशी झाली की आतील दाब घटतो व पटल आत झुकते. वारंवार दाह झालेल्या कानात पटलाचा मधला तंतुमय थर विरतो; मग दाबातील थोडा फरकही पुरेसा होतो. वरच्या शिथिल भागात हा थर मुळातच विरळ असल्याने तेथे खळगा सहज पडतो.

पटलाच्या ताणलेल्या भागासाठी सादे आणि बेर्को यांचे १९७६ चे वर्गीकरण रूढ आहे. पहिल्या श्रेणीत पटल किंचित आत जाते, दुसरीत ऐरण वा रिकीब या अस्थींना टेकते, तिसरीत मध्यकर्णाच्या आतल्या भिंतीला टेकते, तर चौथीत तेथेच चिकटते. श्रेणी लिहिली की मूल्यमापन संपले, असे मात्र समजू नये. टेकलेले आणि चिकटलेले पटल नुसत्या नजरेने ओळखता येत नाही. नाक-तोंड मिटून रुग्णास हवेचा जोर लावावयास सांगावे आणि पटल उचलले जाते का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खळग्याचा तळ दिसतो का आणि त्वचेच्या मृत पेशी आपोआप बाहेर पडतात का. त्या आत साचू लागल्या तर कोलेस्टिॲटोमा होण्याचा धोका असतो. तो हाड पोखरतो व क्वचित चेहऱ्याच्या नसेपर्यंत वा मेंदूपर्यंत पोहोचतो.

येथे श्रवणमापनाचा आलेख फसवा ठरू शकतो. ऐरणीचे टोक झिजून गेले तरी पटल थेट रिकिबीवर टेकल्यास ध्वनी आत पोहोचतो आणि आलेख जवळजवळ सामान्य येतो. केवळ त्यावर विसंबून रुग्णास निश्चिंत करणे योग्य नव्हे. प्रौढ व्यक्तीच्या एकाच कानात हा बदल नव्याने दिसल्यास नाकामागील घशाची तपासणी अवश्य करावी. तेथील गाठ नलिका दाबत असू शकते.

खळगा कोरडा, स्वच्छ व तळापर्यंत दिसणारा असेल आणि श्रवण चांगले असेल, तर छायाचित्र ठेवून ठरावीक काळाने फेरतपासणी करणे इष्ट. मुलांमध्ये वयाबरोबर नलिकेचे कार्य सुधारते, हेही लक्षात घ्यावे. टाळू दुभंगलेल्या मुलांवर मात्र अधिक काळ लक्ष ठेवावे लागते. वायुवीजन नळीने दाब समान होतो, परंतु चिकटलेले पटल तिने सुटत नाही. खळगा खोल जात असेल, त्यात मळ साचत असेल किंवा अस्थी झिजत असतील, तर तो काढून कानाच्या कूर्चेने पटलास बळकटी दिली जाते. २०१० च्या कॉक्रेन समीक्षेस मात्र शस्त्रक्रिया निरीक्षणापेक्षा सरस असल्याचा वा नसल्याचा निर्णायक पुरावा आढळला नव्हता. जवळजवळ सामान्य ऐकणाऱ्या कानावर शस्त्रक्रिया करताना श्रवण घटण्याची जोखीम असते, हे रुग्णास आधीच सांगावयास हवे. आणि त्रास नसलेला रुग्ण सहसा परत येत नाही. म्हणून पुढील तपासणीची तारीख पहिल्याच भेटीत लिहून द्यावी.