परसबाग एकटीची नको, दोघांची हवी

पाच एकर सोयाबीन पेरणारा शेतकरी आठवडी बाजारातून मिरची-कोथिंबिरीची पिशवी घेऊन घरी येतो, हे आता कुणाला नवल वाटत नाही. घरामागं अर्धा गुंठा जागा पडीक, मोरीचं पाणी तिथंच तुंबलेलं आणि भाजी मात्र विकतची!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०११ च्या आहार मार्गदर्शिकेत माणशी रोज ३०० ग्रॅम भाजीपाला सांगितला आहे. म्हणजे पाच माणसांच्या घराला रोज दीड किलो. अर्ध्या गुंठ्यात सगळी गरज भागणार नाही, पण पालेभाजी, मिरची, वेलभाजी घरची होईल.

पावसाळ्यात परसबाग कुणीही लावतं. खरी कसोटी लागते मार्चात. पाणी लांबून आणायचं, ते घरच्या बाईनं. शेतातली खुरपणी, चूल, गुरं उरकून वर चार घागरी वाढल्या की बाग वाळते. मग आपणच म्हणतो, "बायकांना जमलं नाही." खरं तर ती बाग मदतीवाचून वाळलेली असते.

तेव्हा कामं वाटून घ्या. खोदणं, शेणखत, मांडव, शेळ्या-कोंबड्यांसाठी काटेरी कुंपण आणि उन्हाळ्यातलं पाणी कारभाऱ्यानं अंगावर घ्यावं. काय लावायचं ते तिला ठरवू द्या. जादा भाजी विकली तर पैसा तिच्याच हाती राहू द्या.

शेवगा, कढीपत्ता उत्तर बाजूला लावा, म्हणजे वाफ्यांवर सावली पडत नाही. मोरीच्या पाण्यावर केळ नि अळू येतं. मेथी महिनाभरात काढणीला येते. सगळे वाफे एकदम न पेरता आठवड्याच्या अंतरानं पेरा. धने रगडून, दोन फाकी करून टाका. वाफ्यावर पालापाचोळा पसरला की ओल टिकते. मावा दिसला तर ५० ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारा.

बियाणं घरीच धरा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वालापासून पालेभाज्यांपर्यंत गावठी वाण जपले. त्यांना २०२० चा पद्मश्री किताब जाहीर झाला. चांगली पोसलेली दोन फळं वेलावर सुकू द्या, पुढच्या साली बी विकत घ्यावं लागणार नाही.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही एक सांगणं आहे. राज्यात २०११ साली सुरू झालेल्या 'उमेद' अभियानात बचतगटांच्या महिलांनी पोषण परसबागा लावल्या. आपल्या गावात अशी बैठक ठेवाल तेव्हा नवऱ्यांनाही बोलवा. घागर कुणी उचलायची, हे तिथंच ठरू द्या.

एकदा दोघं मिळून वाफ्यात बसा. कोवळी भेंडी आपल्या हातानं तोडून संध्याकाळी ताटात आली की भाकरीची चव वेगळीच लागते. शिवाय दिवसभरात निवांत बोलायला तेवढीच दहा मिनिटं मिळतात, तीही काही कमी नाहीत.