काच नाही, शिंपला!

गोव्याला गेलात की काय करता? बीच, शॅक, फिश करी आणि पणजीच्या फोन्तेन्यासमध्ये रंगीत भिंतींसमोर ढीगभर फोटो. पुढच्या वेळी तिथल्या जुन्या घरांच्या खिडक्याही जरा निरखून बघा. काहींच्या लाकडी पट्ट्यांमध्ये काच नसतेच मुळी. असतात ते चौकोनी कापलेले शिंपले!

‘प्लाकुना प्लासेंटा’ हे त्याचं शास्त्रीय नाव, इंग्रजीत ‘विंडोपेन ऑयस्टर’. दोन्ही शिंपा इतक्या चपट्या, की आत जीव मावतो तरी कसा असं वाटावं. कवच अभ्रकासारखं पातळ, दुधी आणि मोठं झालं की तळहाताएवढं. पोर्तुगीज काळात काच महाग आणि खाडीत शिंपले मुबलक. सुतारांनी तेच तासून चौकटीत बसवले. उन्हाची तिरीप बाहेरच अडते, आत येतो तो मऊ उजेड. एसीच्या आधीचा सॉलिड फंडा!

माझ्या एका इंटिरिअर डिझायनर मैत्रिणीच्या क्लायंटला अशीच खिडकी हवी होती, तीही कोऱ्या शिंपल्यांची. ‘कुठे मिळतील गं?’ तिने मला विचारलं. शोध घेतला तर उत्तर सरळ होतं. २००१ साली हा शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आला. म्हणजे खाडीतून काढायचा नाही, विषय संपला.

कारणही समजून घ्या. कालवं खडकाला घट्ट चिकटतात. हा मात्र उथळ, शांत खाडीच्या गाळावर आडवा पडून असतो आणि पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खातो. गोव्यात झुआरीच्या मुखाजवळ, दाबोळी विमानतळापासून हाकेच्या अंतरावर, चिखलीच्या खाडीत त्याची वस्ती आहे. आपल्याला चिखल म्हणजे घाण. त्याचं तेच घर! तिथे भराव पडला, गाळ उपसला गेला, की हा पळून कुठे जाणार?

बाजारात ‘कापीझ’ नावाने मिळणारे झुळझुळीत लॅम्पशेड याच शिंपल्याचे असतात. फिलिपिन्समध्ये त्यांचा मोठा धंदा आहे. घेण्याआधी माल कुठला ते विचारा. आजोळच्या घराला अशी जुनी खिडकी असेल तर ती भंगारात काढू नका, दुरुस्त करून घ्या.

मैत्रिणीने क्लायंटला शेवटी दुधी काच लावून दिली. उजेड तितकाच छान पडतो म्हणे!