भीड आणि मोबदला

भीड ही भिकेची बहीण, ही म्हण स्वतंत्रपणे काम करणाऱ्या अनुवादकाला, मुद्रितशोधकाला किंवा चित्रकाराला जितकी लागू पडते, तितकी क्वचितच अन्य कोणाला लागू पडत असेल. नोकरदाराला कचेरीची वेळ असते, हुद्दा असतो आणि महिनाअखेरचा पगार असतो. घरी बसून काम करणाऱ्याला यांपैकी कशाचाच आधार नसतो. त्यामुळे रात्री अकराला आलेला फोन तो घेतो, ‘एवढ्या चार ओळी पाहून द्या’ ही विनंती मान्य करतो आणि पुस्तिकेच्या तिसऱ्या दुरुस्तीलाही विनामोबदला हात घालतो. काम देणारा बहुधा दुष्ट नसतो, परिचितच असतो. परंतु मर्यादा कोणीच आखलेली नसल्यामुळे ती ओलांडल्याचे त्याच्या ध्यानातही येत नाही.

कायदा अशा माणसाच्या बाजूने मुळीच नाही, असे नव्हे. फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ ज्याने घेतला, त्याच्यावर १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ७० वे कलम भरपाईची जबाबदारी टाकते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यान्वये नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे, मग ते सेवेचे का असेनात, ४५ दिवसांच्या आत चुकते करावे लागतात. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज पडते. न्यूयॉर्क शहराने २०१६ मध्ये संमत केलेल्या कायद्याने तर ८०० डॉलर वा अधिक रकमेच्या अशा कामासाठी लेखी करार सक्तीचा केला.

तथापि दाद मागावयाची तर पुरावा हवा. काम कोणते व किती, दुरुस्त्या किती वेळा, आगाऊ रक्कम कोणती, उरलेली कोणत्या तारखेस आणि संपर्काची वेळ काय, एवढे प्रारंभीच लिहून दिले की तो पुरावा तयार होतो. वादाचे निम्मे कारणही तेथेच संपते.

अटी घातल्यास काम दुसऱ्याकडे जाईल, ही भीती निराधार नाही. नवोदिताच्या हातचे एखादे काम जाईलही. परंतु फुकटच्या दुरुस्तीत गेलेली रात्र दुसऱ्या दिवशीच्या कमाईतूनच वजा होते, हा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही.

पगारदार वर्गानेही येथे अंतर्मुख व्हावयास हवे. शाळेची स्मरणिका वा घरची लग्नपत्रिका ओळखीच्या माणसाकडून करवून घेताना दर विचारणे आपल्याला अवघड वाटते. त्याला तर तो सांगणे त्याहून अवघड असते. तो प्रश्न आपणच आधी विचारला, तर त्याची भीड निम्म्याने कमी होईल.