मातीची कुंडी रंगवताय? आधी तिला घाम का येतो ते समजून घ्या!

भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारावं लागतं. करार ११ महिन्यांचा, डिपॉझिट अडकलेलं. त्यामुळे घर सजवण्याची सगळी हौस शेवटी बाल्कनीतल्या कुंड्यांवर येते. कुंडी आपली असते आणि घर सोडताना टेम्पोत चढवता येते. पण नर्सरीतली साधी लाल कुंडी घरी आली की अनेक जण थेट ऑइलपेंटचा डबा उघडतात. काही महिन्यांनी रंगाचे पापुद्रे निघतात, नाहीतर झाड पिवळं पडतं. असं का होतं?

कुंडीला घाम येतो म्हणजे काय?

भाजलेली माती सच्छिद्र असते. माठातलं पाणी याच गुणामुळे गार होतं. पाणी भिंतीतून झिरपतं आणि बाहेर त्याची वाफ होते. कुंडीतही हेच चालतं. जादा पाणी तळाच्या भोकातून जातं आणि थोडं भिंतीतून उडून जातं. बाहेरून ऑइलपेंट किंवा वॉर्निश फासलं की ही दुसरी वाट बंद होते. माती जास्त वेळ ओली राहते, आपण मात्र सवयीने रोज तेवढंच पाणी घालत राहतो आणि मुळं कुजतात.

शिवाय भिंतीतून बाहेर येऊ पाहणारं पाणी रंगाला आतून ढकलतं. पाण्यातले क्षारही त्याच्यासोबत येतात. बोअरवेल किंवा टँकरचं पाणी असेल तर जास्तच. कुंडीवर दिसणारी पांढरी पूड बहुतेक वेळा बुरशी नसते, क्षार असतात. कुंडी कोरडी असताना ब्रशने घासली की ती निघते.

मग रंगवायचंच नाही का?

रंगवा, पण काठाचा पट्टा आणि त्याखाली थोडी नक्षी एवढंच. निम्मी कुंडी उघडी ठेवा. पाण्यात मिसळणारा अॅक्रेलिक रंग घ्या आणि झाड लावण्याआधी, कुंडी पूर्ण कोरडी असताना लावा. स्प्रे पेंटचा मोह भाड्याच्या घरात टाळलेला बरा. त्याचे बारीक थेंब ग्रिलवर आणि भिंतीवर बसतात, आणि ते डिपॉझिटमधून कापले जाण्याची शक्यता असते.

सगळ्यात स्वस्त आणि कुंडीला मानवणारा उपाय म्हणजे गेरू. मूठभर गेरू पाण्यात कालवून ब्रशने फिरवला की जुनी, डागाळलेली कुंडीही नवी दिसते. भिंतीची छिद्रं त्याने बुजत नाहीत. हाताला लागतो, पावसात धुपतो, पण दरवर्षी दिवाळीआधी पुन्हा लावायला किती वेळ लागतो? त्यावर पांढऱ्या रेषांत वारली आकृत्या काढता येतात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणसाचं धड तयार. वारली चित्रांत पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा असतो. बाल्कनीत मात्र पिठाला मुंग्या लागतात, म्हणून इथे पांढरा अॅक्रेलिकच वापरा.

सुतळीचं गणितही सोपं आहे. ८ इंची कुंडीचा घेर साधारण ६४ सेंटिमीटर. ३ मिलिमीटर जाडीच्या सुतळीने ६ सेंटिमीटर रुंद पट्टा गुंडाळायचा तर २० वेढे, म्हणजे जवळपास १३ मीटर. कुंडी खाली निमुळती असल्याने वेढे घसरतात, म्हणून सुरुवात काठाच्या सरळ भागावर करा. पांढरा गोंद फक्त पहिल्या आणि शेवटच्या वेढ्याला लावा. तो सतत ओला राहिला तर सुटतो. सुतळीही पावसाळ्यात काळी पडते, तेव्हा जूनमध्ये ती सोडवून ठेवलेली चांगली.

प्लास्टिकच्या कुंडीवर रंग टिकत नाही. तिला जुन्या साडीच्या काठाची पट्टी बांधा किंवा कुंडीच बांबूच्या टोपलीत ठेवा. गाठ सोडली की कुंडी पुन्हा होती तशी.

खालच्या ताटलीकडे लक्ष आहे का?

सजावटीच्या नादात हेच राहून जातं. टोपलीत किंवा शोभेच्या डब्यात ठेवलेल्या कुंडीखाली पाणी साचतं आणि वरून ते दिसत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. मुंबई महापालिकेचे कर्मचारी पावसाळ्यात अळ्या शोधायला येतात तेव्हा कुंड्यांखालच्या ताटल्याही तपासतात. आठवड्यातून एकदा, वार ठरवून, ताटली रिकामी करा आणि घासून पुसा. नुसतं पाणी ओतून दिलं तर कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात.

मातीची कुंडी थेट लादीवर ठेवली तर ओलीचं गोल वर्तुळ उमटतं. गेरू लावलेली असेल तर ते लाल उमटतं. कुंडीखाली बाटल्यांची ३ सारखी झाकणं ठेवून ती ताटलीत उभी करा. तळाचं भोक मोकळं राहतं आणि लादीही स्वच्छ राहते.